तेलातले टेफ्लॉन आणि चुंबकक्षेत्र : सोलेनॉइडच्या अस्तराच्या एकतर्फी झिजेचे प्रकरण

हायड्रॉलिक प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात तेलाचा मार्ग उघडणाऱ्या झडपेच्या, सोलेनॉइडमध्ये (कॉइलच्या विद्युतचुंबकात) मऊ लोखंडाचे एक दंडगोल आर्मेचर, म्हणजे चुंबकाने ओढला जाणारा सरकता भाग, पोलादी नळीच्या आत पुढे-मागे सरकत असते, आणि नळी व आर्मेचर यांच्यामध्ये टेफ्लॉनयुक्त पॉलिमरचे पातळ अस्तर बसवलेले असते. संपूर्ण नळी हायड्रॉलिक तेलाने भरलेली असते, म्हणून या प्रकाराला ओले आर्मेचर म्हणतात. कॉइलमधून प्रवाह सुरू झाला की चुंबकीय रेषा नळीतून निघून अस्तर आणि तेल ओलांडतात व आर्मेचरमध्ये शिरतात. पॉलिमरचा घासणारा पृष्ठभाग, त्यावरचे वंगण आणि चुंबकक्षेत्र या तिन्ही गोष्टी एकाच जागी इतक्या निकट आणणारी रचना यंत्रांमध्ये क्वचितच आढळते. म्हणूनच चुंबकक्षेत्रामुळे तेलातल्या पॉलिमरचे घर्षण आणि झीज बदलते का, हा प्रश्न तपासण्यासाठी ही जागा मी निवडली आहे.

तक्रारीचे स्वरूप असे असते. नवा व्हॉल्व्ह नीट चालतो. काही काळाने प्रवाह वाढवताना आर्मेचर ज्या जागी थांबते आणि प्रवाह कमी करताना ज्या जागी थांबते, त्या दोन जागांमधील अंतर, म्हणजे हिस्टेरिसिस, वाढत जाते. पुढे आर्मेचर अडखळू लागते. सोलेनॉइड उघडल्यावर अस्तर सगळीकडे सारखे झिजलेले दिसत नाही; परिघाच्या एका बाजूला सुमारे तृतीयांश रुंदीचा करडा, मळकट पट्टा असतो आणि समोरची बाजू जवळजवळ कोरी असते. आर्मेचरच्या त्याच बाजूला सरकण्याच्या दिशेने बारीक समांतर ओरखडे असतात. भिंगाखाली पाहिले तर करड्या पट्ट्यात टेफ्लॉनमध्ये रुतलेले धातूचे ठिपके चमकतात. कॉइलचा प्रवाह बंद करून आर्मेचर हाताने ढकलले, तर ते नव्यासारखे नसले तरी बऱ्यापैकी सहज सरकते; प्रवाह सुरू केला की जड होते. यावरून पाहणाऱ्याचे मत लगेच बनते की चुंबकक्षेत्रामुळे टेफ्लॉनचा घर्षण गुणांक, म्हणजे घर्षण बळ आणि भार यांचे गुणोत्तर, वाढला.

हे मत तपासण्यासाठी मापे लागतात. खालील हिशेबाकरिता मी एक प्रातिनिधिक मांडणी धरली आहे. ती कोणत्याही एका उत्पादनाची नाही, पण या जातीच्या सोलेनॉइडशी सुसंगत आहे. आर्मेचरची त्रिज्या ९ मिलिमीटर, लांबी ४० मिलिमीटर. नळी आणि आर्मेचर यांच्यामधले एकूण अचुंबकीय अंतर ०.२ मिलिमीटर, त्यात अस्तराची जाडी ०.१६ मिलिमीटर आणि तेलाची मोकळीक ०.०४ मिलिमीटर, म्हणजे ४० मायक्रॉन. चुंबकीय रेषा ज्या पट्ट्यातून आरपार जातात त्याची लांबी १५ मिलिमीटर आणि तेथील क्षेत्र ०.४ टेस्ला. आर्मेचरचा एक फेरा २ मिलिमीटर पुढे आणि २ मिलिमीटर मागे. तेल गरम अवस्थेत, श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) ०.०२ पास्कल-सेकंद.

चुंबकक्षेत्र पॉलिमरला आणि तेलाला काय करते?

पहिली शक्यता सरळ आहे : क्षेत्राचा परिणाम टेफ्लॉनच्या किंवा तेलाच्या रेणूंवरच होत असावा. टेफ्लॉन, पॉलिइथिलीन, नायलॉन आणि खनिज तेल हे सगळे प्रतिचुंबकीय पदार्थ आहेत, म्हणजे चुंबक त्यांना अगदी किंचित दूर लोटतो. त्यांची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे क्षेत्रात चुंबकित होण्याचे प्रमाण, ऋण आणि साधारण एक लाखांश भागाच्या घरातली असते. ०.४ टेस्ला क्षेत्राची ऊर्जाघनता दर घनमीटरला सुमारे ६४ हजार ज्यूल भरते, म्हणजे दाबाच्या भाषेत ६४ हजार पास्कल. प्रतिचुंबकीय पदार्थाला त्यातला एक लाखांश भागच जाणवतो, तो एक पास्कलच्याही खाली येतो. घासणाऱ्या पृष्ठभागावर खरा संपर्क ज्या टोकांवर होतो, तिथला दाब टेफ्लॉनसारख्या मऊ पदार्थातही कोट्यवधी पास्कलमध्ये असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ही शक्यता जवळजवळ संपते.

रेणूंच्या पातळीवर चित्र आणखी स्पष्ट होते. तेलाच्या एका रेणूला या क्षेत्रातून मिळणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला त्याच रेणूच्या उष्णताजन्य हालचालीच्या ऊर्जेच्या दशलक्षांशाहूनही कमी असते. म्हणजे क्षेत्र तेलाच्या साखळ्या एका दिशेने रांगेत लावते, पृष्ठभागावर त्यांचा थर घट्ट करते किंवा तेलाची श्यानता वाढवते, असे म्हणायला या तीव्रतेला आधार उरत नाही. चुंबक लावून वंगण सुधारण्याच्या दाव्यांकडे मी याच हिशेबाने पाहतो, आणि दावा करणाऱ्याने आधी हा हिशेब मांडावा अशी अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटते.

एक बारीक वाट मात्र पूर्ण बंद करता येत नाही. घासताना पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या टोकांवर एकटे इलेक्ट्रॉन असलेले मुक्त मूलक तयार होतात. अशा मूलकांच्या जोड्या पुन्हा जुळतात की दूर जाऊन दुसऱ्या रेणूंशी प्रक्रिया करतात, यावर इलेक्ट्रॉनच्या फिरकीमुळे बाह्य क्षेत्राचा प्रभाव पडू शकतो, आणि त्यासाठी मिलिटेस्लाच्या घरातली क्षेत्रेही पुरेशी ठरू शकतात. मूलकांमुळे अस्तराच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण आणि लोखंडावर चिकटणारा पॉलिमरचा थर थोडाफार बदलू शकतो. पण तेलाने भरलेल्या नळीत तो परिणाम ओळखायचा असेल, तर पुढे येणारे दोन फार मोठे परिणाम आधी बाजूला काढावे लागतात. नाहीतर त्यांचाच ठसा मूलकांच्या नावे जमा होईल.

लोखंड आणि पोलाद एकमेकांवर कोरडे घासताना क्षेत्राचा परिणाम होतो, ही गोष्ट निराळी आणि बरीच अभ्यासलेली आहे. मुजू आणि घोष यांनी १९७७ मध्ये चुंबकक्षेत्रातल्या आसंजक झिजेचे, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून होणाऱ्या झिजेचे, एक प्रतिरूप मांडले, आणि त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत हवेमध्ये घासणाऱ्या लोहचुंबकीय जोड्यांत क्षेत्र सुरू असताना झिजेचे कण पृष्ठभागांमध्येच अडकून राहतात, बारीक होतात आणि त्यांचे ऑक्साइड बनते, असे दिसले. काही परिस्थितींत त्यामुळे झीज घटलीही आहे. हे निष्कर्ष पॉलिमरकडे जसेच्या तसे आणणे मात्र चूक ठरेल. टेफ्लॉनचा कण चुंबकाला ओळखत नाही, त्याचे चिवट, संरक्षक ऑक्साइडही बनत नाही, आणि तेलाच्या थराखाली प्राणवायूचा पुरवठा हवेइतका नसतो. जोडीतला एकच भागीदार लोखंडी असला, की क्षेत्राचे काम त्याच भागीदारामार्फत चालते.

आडवे बळ : घर्षण वाढते, गुणांक नाही

आर्मेचर नळीच्या अगदी मधोमध असेल, तर सर्व बाजूंनी त्यावर सारखी ओढ असते आणि आडवे बळ शून्य राहते. पण ही स्थिती स्थिर नाही. आर्मेचर एका बाजूला किंचित सरकले की त्या बाजूचे अंतर कमी होते, तिथले क्षेत्र वाढते, ओढ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि आर्मेचर आणखी त्याच बाजूला जाते. स्प्रिंग वस्तूला मध्याकडे परत आणते. हे बळ नेमके उलट, मध्यापासून दूर नेते. आडव्या बसवलेल्या व्हॉल्व्हमध्ये सुरुवातीची बाजू बहुधा वजन ठरवते. व्हॉल्व्ह उभा बसवला तर वजनाचा वाटा जातो, पण जुळणीतला कोणताही किंचित कल तेच काम करतो.

आपल्या मांडणीत तेलाची मोकळीक ४० मायक्रॉन आहे, म्हणून आर्मेचर अस्तराला टेकेपर्यंत ४० मायक्रॉन सरकते, जे एकूण ०.२ मिलिमीटर अंतराचा पाचवा भाग होते. लोखंड संपृक्त झालेले नाही, म्हणजे त्याच्या चुंबकित होण्याची मर्यादा आलेली नाही, असे धरले, तर या स्थितीत आडवे बळ सुमारे ११ न्यूटन निघते. आर्मेचरचे वस्तुमान सुमारे ८० ग्रॅम आहे, म्हणजे वजन ०.८ न्यूटनच्या आसपास. अर्थात अस्तरावर टेकणारा भार क्षेत्र सुरू होताच वजनाच्या जवळपास पंधरापट होतो.

या एका आकड्यात तक्रारीचा मोठा भाग सामावतो. तेलाने भिजलेल्या टेफ्लॉन अस्तराचा घर्षण गुणांक क्षेत्र असताना आणि नसताना सारखाच, समजा ०.०८, धरला, तरी घर्षण बळ ०.०६ न्यूटनवरून सुमारे १ न्यूटनवर जाते. आता मोजणाऱ्याने आर्मेचर ढकलायला लागणारे बळ मोजले आणि त्याला फक्त आर्मेचरच्या वजनाने भागले, तर क्षेत्र सुरू असताना गुणांक सव्वाच्या आसपास दिसेल. टेफ्लॉनसाठी हा आकडा इतका अशक्य आहे की तो पाहताच भागाकारातला भार तपासायला हवा. चाचणीच्या टेबलावर ही चूक सहज घडते, कारण यांत्रिक भार टांगलेल्या वजनांच्या रूपात डोळ्यांना दिसतो आणि चुंबकीय भार कुठेच दिसत नाही. चकतीवर पिन घासण्याच्या नेहमीच्या यंत्राजवळ विद्युतचुंबक ठेवून घेतलेल्या मापनांनाही हेच लागू होते; चकती पोलादी असेल तर ती चुंबकाकडे ओढली जाते, पिन धरणारी भुजा पोलादी असेल तर तीही ओढली जाते, आणि भाराचा खरा आकडा भारमापक क्षेत्राच्या उपस्थितीत वाचल्याशिवाय कळत नाही.

तरीही एवढ्यावर झिजेचे स्पष्टीकरण होत नाही, आणि या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा धडा मला इथेच दिसतो. ११ न्यूटन बळ १८ मिलिमीटर व्यास आणि १५ मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यावर पसरले तरी सरासरी दाब ०.०५ मेगापास्कलच्या खाली राहतो. टेफ्लॉनच्या संमिश्रांना हा दाब किरकोळ आहे. नुसत्या टेफ्लॉनची झीज मोठी असते, पण काच, ब्राँझ किंवा कार्बन भरलेल्या टेफ्लॉनची झीज त्याच्या शेकडोपट कमी होते. अशा भर घातलेल्या अस्तराचा झीज-दर एक न्यूटन भार आणि एक मीटर सरकणे यामागे दहा लाखांश घनमिलिमीटर धरला, तर एक कोटी फेऱ्यांनंतर, म्हणजे एकूण ४० किलोमीटर सरकल्यानंतर, अर्ध्या घनमिलिमीटरहूनही कमी पदार्थ जातो. परिघाच्या तृतीयांशावर तो सारखा वाटला तर खोली दोन मायक्रॉनही भरत नाही. करड्या पट्ट्यातली झीज मात्र खूप अधिक असते. स्वच्छ तेलात वाढलेला भार एकटा इतके नुकसान करू शकत नाही, म्हणून दुसरे काहीतरी झीज घडवत असले पाहिजे.

कण

हायड्रॉलिक तेल कधीच पूर्ण स्वच्छ नसते. तेलाची स्वच्छता सांगणाऱ्या आयएसओ ४४०६ संकेतात १८/१६/१३ असा आकडा असेल, तर दर मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉन आणि त्याहून मोठे १,३०० ते २,५०० कण असतात, ६ मायक्रॉनपासून पुढचे ३२० ते ६४० आणि १४ मायक्रॉनपासून पुढचे ४० ते ८०. चांगल्या स्थितीतल्या यंत्रणेचा हा संकेत आहे. आपल्या आर्मेचरच्या प्रत्येक सरकण्यात सुमारे अर्धा मिलिलिटर तेल त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते, म्हणजे ४ मायक्रॉनहून मोठे सहाशे ते बाराशे कण एकेका हालचालीत त्याच्या जवळून जातात. त्यातले सगळे लोखंडी नसतात. वाळूचा, सीलच्या रबराचा किंवा ब्राँझचा कण तेलासोबत येतो तसा जाऊ शकतो. पंप आणि सिलिंडर झिजून आलेला पोलादाचा कण मात्र इथून बाहेर पडत नाही.

या कणावर किती बळ लागते हे पाहू. नळी आणि आर्मेचर यांच्या मधल्या क्षेत्राची तीव्रता आर्मेचरकडे वाढत जाते. ९ मिलिमीटर त्रिज्येला आणि ०.४ टेस्ला क्षेत्राला हा चढ दर मीटरला सुमारे ४४ टेस्ला येतो. गोल लोखंडी कण अशा क्षेत्रात इतका चुंबकित होतो की त्यावरचे ओढबळ त्याच्या वजनाच्या पाचशेपटीहून अधिक असते. तेलाच्या विरोधातून वाट काढत २ मायक्रॉन व्यासाचा कण सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वेगाने सरकतो, म्हणून ४० मायक्रॉनची मोकळीक पार करायला त्याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. व्यास दशांश झाला तर वेग शतांश होतो, ०.२ मायक्रॉनच्या कणाला आठ-नऊ सेकंद लागतात. आर्मेचर एखाद्या स्थितीत थांबवून धरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आठ-नऊ सेकंद सहज मिळतात. म्हणजे फिल्टर ज्यांना पकडत नाही ते अतिसूक्ष्म लोखंडी कणसुद्धा इथे येऊन आर्मेचरला चिकटतात. आर्मेचरच्या कडांवर आणि खाचांवर क्षेत्राचा चढ आणखी तीव्र असतो, म्हणून तिथे चिखलासारखा थर आधी जमतो.

चिकटलेले कण सुटे राहत नाहीत. १ मायक्रॉनचे दोन कण शेजारी आले की त्यांच्यातली चुंबकीय बांधणीची ऊर्जा उष्णताजन्य ऊर्जेच्या सुमारे एक कोटीपट असते, म्हणून ते क्षेत्राच्या दिशेने साखळ्या धरतात. या सोलेनॉइडमध्ये क्षेत्राची दिशा त्रिज्येची दिशा आहे, म्हणजे घासणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात. साखळ्या आर्मेचरवर ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात आणि त्यांची टोके अस्तराकडे असतात. तेच क्षेत्र पृष्ठभागाला समांतर असते, तर साखळ्या आडव्या पडल्या असत्या आणि त्यांची इजा कमी झाली असती. चुंबकक्षेत्राच्या दिशेचा झिजेवर परिणाम होतो असे कुठे वाचनात आले, तर पॉलिमरच्या रेणूंचा विचार करण्याआधी या साखळ्यांचा विचार करावा, असे मी सुचवेन.

कणांच्या दाट थरामुळे तेल स्वतःच घट्ट झाल्यासारखे वागते का? चुंबकप्रवाही द्रव, ज्यांचा पाया जेकब रॅबिनो यांनी १९४८ च्या सुमारास घातला, त्यांत घनफळाच्या २० ते ४० टक्के लोखंडी चूर्ण असते आणि म्हणूनच क्षेत्रात ते जवळजवळ घन होतात. वापरातल्या हायड्रॉलिक तेलात लोखंडाचे प्रमाण त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे संपूर्ण तेलाची श्यानता बदलत नाही. पण कडेच्या खाचेत साचलेल्या गाळात हे प्रमाण स्थानिकरीत्या गाठले जाऊ शकते, आणि प्रवाह सुरू करताच आर्मेचर अडखळण्यामागे काही वेळा हाच गाळ असतो.

आता टेफ्लॉनच्या मऊपणाचा भाग येतो. दाबलेला कण पोलादात रुतत नाही, टेफ्लॉनमध्ये रुततो. बेअरिंगच्या पदार्थात हा गुण सामान्यतः चांगला मानतात, कारण रुतलेला मोठा कण गडप होतो आणि शाफ्ट वाचतो. इथे तो गुण उलटतो. अस्तर ०.१६ मिलिमीटर जाडीचे आहे, त्यात काचतंतूंची वीण असेल तर खोलवर जागा नाही, आणि कण एकामागून एक येत राहतात. अर्धे रुतलेले आणि अर्धे वर आलेले कण अस्तराचा घासकागद करतात. समोरचे आर्मेचर मऊ लोखंडाचे असते. चुंबकीय गुणांसाठी ते कमी कार्बनचे आणि कमी जबरी बलाचे, म्हणजे सहज निश्चुंबकित होणारे, हवे असते, म्हणून कडक पोलादासारखे त्याला कठीण करता येत नाही. त्यावर निकेलचा पातळ मुलामा असला तर तो काही काळ टिकतो. मुलामा फाटला की आर्मेचरमधून नवे लोखंडी कण निघू लागतात, ते दूर न जाता तिथेच चिकटतात आणि अस्तरात रुततात. येथून पुढे बाहेरचे तेल कितीही स्वच्छ केले तरी झीज थांबत नाही, कारण कणांचा स्रोत आत आहे.

याला आडव्या बळाची जोड मिळते. अस्तर एका बाजूला २० मायक्रॉन झिजले, की आर्मेचरचे मध्यापासूनचे अंतर ४० वरून ६० मायक्रॉन होते आणि आडवे बळ ११ वरून सुमारे १९ न्यूटनवर जाते. जास्त बळ, जास्त खोल रुतणारे कण, जास्त झीज, आणि पुन्हा जास्त बळ. पट्टा एकाच बाजूला का असतो आणि समोरची बाजू कोरी का राहते, याचे उत्तर या चक्रात आहे.

प्रपोर्शनल व्हॉल्व्हमध्ये हिस्टेरिसिस कमी करण्यासाठी प्रवाहावर एक छोटे कंपन चढवतात. १०० हर्ट्‌झचे कंपन दिवसभर चालू राहिले तर ८६ लाखांहून अधिक सूक्ष्म फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात आर्मेचर २० मायक्रॉन पुढे आणि तितकेच मागे जाते असे धरले, तर दिवसाला सुमारे साडेतीनशे मीटर घासणे त्याच चिंचोळ्या जागेत होते, जिथे ताजे तेल शिरत नाही आणि गाळ बाहेर पडत नाही. घर्षण कमी करण्यासाठी योजलेले कंपन कणांच्या उपस्थितीत झिजेला हातभार लावते. म्हणून कंपन बंद करावे असे नाही. कण असताना त्याची किंमत मोजावी लागते, एवढे लक्षात असावे.

वजनाने मोजलेली झीज फसवते

अशा अस्तराची झीज मोजण्याची सोपी पद्धत म्हणजे आधी आणि नंतर वजन करणे. चुंबकक्षेत्राच्या चाचणीत ही पद्धत नेमकी चुकीचे उत्तर देते. टेफ्लॉनची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.२ ग्रॅम आणि लोखंडाची ७.८७ ग्रॅम. अस्तरात एक घनमिलिमीटर लोखंड रुतले, तर साडेतीन घनमिलिमीटरहून अधिक टेफ्लॉनची झीज तराजूवर झाकली जाते. क्षेत्र सुरू असताना कण जास्त रुततात, म्हणून वजन कमी घटते, आणि क्षेत्रामुळे झीज कमी झाली असा निष्कर्ष निघतो. त्याच वेळी जाडी मोजली तर ती अधिक घटलेली दिसेल. अस्तर नायलॉनचे असेल तर आणखी एक गोंधळ होतो : नायलॉन ६६ पाण्याने संपृक्त झाल्यावर आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांहून अधिक पाणी धरू शकते, त्यामुळे तेलातल्या ओलाव्याने वाढलेले वजन झिजेला पूर्ण गिळू शकते. टेफ्लॉन जवळजवळ पाणी घेत नाही, हा त्याचा फायदा. म्हणून या प्रकरणात परिघावर अनेक ठिकाणी जाडी मोजणे, आर्मेचरचा व्यास आणि खडबडीतपणा मोजणे, आणि तेलातले लोखंड स्वतंत्र तपासणे, या तिन्हींशिवाय झीज घटली किंवा वाढली असे लिहू नये.

तेलाच्या तपासणीसाठी फेरोग्राफी इथे उपयुक्त आहे. सेफर्ट आणि वेस्टकॉट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत तेल तीव्र चुंबकाच्या चढावरून काचपट्टीवर वाहू देतात, आणि लोखंडी कण आकारानुसार पट्टीवर रांगेत बसतात. सोलेनॉइडच्या नळीत अनवधानाने जे घडते तेच इथे हेतुपूर्वक घडवले जाते. टेफ्लॉनचे सुटे कण चुंबकाने बसत नाहीत, पण त्यांच्यात लोखंड अडकलेले असेल तर बसतात, आणि ध्रुवित प्रकाशात स्फटिकी पॉलिमर उजळ दिसत असल्याने ते ओळखता येतात. काचपट्टीवर लोखंडाला चिकटलेला उजळ पॉलिमर दिसणे हा अस्तर खरवडले जात असल्याचा थेट पुरावा आहे. मात्र नमुना टाकीतल्या तेलाचा घेतला तर तो फसवा निघतो, कारण सर्वांत महत्त्वाचे कण नळीतच अडकलेले असतात. नमुना नळीतल्या तेलाचा हवा.

कारणे वेगळी कशी करावीत

भार, कण आणि उष्णता ही तिन्ही कारणे कॉइलच्या एकाच बटणाने सुरू होतात. उष्णतेचा वाटा कमी लेखू नये : कॉइल तापते, आर्मेचरभोवतीचे तेल पातळ होते, आणि साधारण खनिज तेलाची श्यानता ४० वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत गेल्यावर निम्म्याहून कमी राहते. पातळ तेलाचा थर कमी जाड, म्हणजे घर्षण बदलले, आणि तेही चुंबकामुळेच असे वाटू शकते. हे कारण वेगळे करण्याची एक सुरेख युक्ती आहे. कॉइल दोन तारा जोडीने गुंडाळून बनवावी. दोन्ही तारांत प्रवाह एकाच दिशेने सोडला तर क्षेत्र आणि उष्णता दोन्ही मिळतात. विरुद्ध दिशेने सोडला तर क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि उष्णता तितकीच राहते. जुळणी तीच राहते, बदलते फक्त क्षेत्र.

भारासाठी, क्षेत्र बंद ठेवून आर्मेचरवर ११ न्यूटन आडवे बळ यांत्रिक मार्गाने, अचुंबकीय दांड्यातून द्यावे आणि सरकवण्याचे बळ मोजावे. स्वच्छ तेलात हे मापन क्षेत्र सुरू असतानाच्या मापनाशी जुळले, तर घर्षण गुणांक बदलला नाही हे सिद्ध होते. कणांसाठी दोन तेले तयार करावीत : एकात ठरावीक आकाराचे लोखंडी चूर्ण, दुसऱ्यात त्याच आकाराचे, तितक्याच संख्येचे ॲल्युमिनाचे चूर्ण. ॲल्युमिना लोखंडाहून कठीण आहे, पण चुंबकाला ओळखत नाही. क्षेत्र सुरू केल्यावर लोखंडाच्या तेलात अस्तराची झीज उडी मारते आणि ॲल्युमिनाच्या तेलात फक्त आडव्या भाराइतकीच वाढते, असा फरक दिसला तर चुंबकाचे काम कण गोळा करण्याचे आहे, हे निर्विवाद ठरते.

चाचण्यांचा क्रम कोणता, हेही महत्त्वाचे आहे. क्षेत्र सुरू ठेवून चाचणी घेतली आणि त्याच अस्तरावर मग क्षेत्र बंद करून घेतली, तर दुसरी चाचणी पहिलीच्या कणांनी दूषित असते. रुतलेले कण प्रवाह बंद केल्यावर सुटत नाहीत, आणि आर्मेचरमधले उरलेले चुंबकत्व बाकीच्यांना धरून ठेवते. क्षेत्र बंद करूनही घर्षण पूर्ववत होत नसेल, तर परिणाम क्षेत्राचा थेट नाही. थेट परिणाम क्षेत्राबरोबर यावा आणि क्षेत्राबरोबर जावा. सुरुवातीच्या तक्रारीतले आर्मेचर प्रवाह बंद असताना सहज सरकत होते, पण नव्याइतके नाही. जे सहज झाले तो भाराचा वाटा होता, आणि जे उरले ते कणांचे काम होते.

उपाय याच विभागणीतून निघतात. आडवे बळ कमी करण्यासाठी अचुंबकीय अंतर वाढवता येते, पण त्याने उपयोगी ओढही घटते. त्याऐवजी मोकळीक आवळून आर्मेचर मध्याजवळ धरणे अधिक फलदायी असते, कारण बळ मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे. ४० ऐवजी २० मायक्रॉन मोकळीक ठेवली, आणि वाचलेली जागा अस्तराची जाडी वाढवून भरली, तर एकूण अंतर न बदलता आडवे बळ ११ वरून साडेपाच न्यूटनवर येते. मात्र आवळलेली मोकळीक मोठ्या कणांना अडकवते, म्हणून फिल्टरची प्रतही त्याच हिशेबाने वाढवावी लागते. तेलाच्या वाटेवर, सोलेनॉइडच्या आधी, चुंबकीय सापळा बसवणे हा उपाय मला सर्वांत सरळ वाटतो : लोखंडी कणांना चुंबकाकडे जायचेच असेल, तर जिथे काही घासत नाही अशा चुंबकाकडे त्यांना आधी नेता येते. आर्मेचरच्या कडांना गोलाई दिली तर गाळ साचण्याची जागा कमी होते.

अस्तर बदलताना जुने आर्मेचर तसेच परत बसवू नये. त्याचे ओरखडे तपासावेत, आणि ते हळूहळू कमी होत जाणाऱ्या प्रत्यावर्ती क्षेत्रातून बाहेर काढून निश्चुंबकित करावे, मग स्वच्छ द्रावकाने धुवावे. आधी धुऊन नंतर निश्चुंबकित केले तर उरलेले चुंबकत्व धुताना कण धरून ठेवते आणि ते नव्या टेफ्लॉनमध्ये पहिल्याच दिवशी रुततात.